ट्रम्पेटचा माउथपीस कसा पारखावा

ट्रम्पेट शिकू लागून दोन-तीन वर्षे झाली की एक शंका हमखास मनात घर करते. वरचे सूर लागत नाहीत, अर्ध्या तासात ओठ थकतात. मग दोष माउथपीसचा, म्हणजे ओठांना लावून फुंकायच्या त्या सुट्या तुकड्याचा, तर नसेल? कधीकधी तो खरोखरच माउथपीसचा असतो. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपल्याला नेमके काय खटकते, ते एका वाक्यात लिहून काढावे. ‘खालचा सी गढूळ येतो’, ‘मिरवणुकीच्या दुसऱ्या तासाला वरचा जी सुटतो’ (सी, जी ही पाश्चात्त्य स्वरांची नावे) अशी नेमकी तक्रार असेल, तर तिच्यावर उपाय शोधता येतो. ‘आवाज अजून छान यावा’ ही इच्छा मात्र कोणताही माउथपीस पुरी करू शकत नाही. ज्यांना शिकायला लागून वर्षही झालेले नाही, त्यांनी मध्यम मापाचा एक बरा माउथपीस कायम ठेवून ओठांची बैठक आधी पक्की होऊ द्यावी.

निवडीची सुरुवात रिमपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. ओठांना टेकणारी गोल कड म्हणजे रिम, आणि वादकाच्या शरीराचा माउथपीसशी संबंध येतो तो तिथेच. रिमचा आतला व्यास मोठा असेल, तर ओठांचा अधिक भाग कंप पावतो व आवाज भरीव होतो. पण तेवढा भाग सांभाळण्याची ताकद स्नायूंत असावी लागते. रुंद रिमवर दाब पसरतो, त्यामुळे दम जास्त वेळ टिकतो. अरुंद रिमवर ओठांना हालचालीला मोकळीक मिळते, पण तीच कड लवकर रुतते. आतल्या काठाची धार तीक्ष्ण असेल, तर सुराची सुरुवात स्वच्छ होते. ती बोथट असेल, तर ओठांना आराम वाटतो, पण सुराचा आरंभ किंचित विरघळल्यासारखा येतो. वाजवून झाल्यावर आरशात ओठांकडे पाहावे. फिकट, थोड्याच वेळात मावळणारे वर्तुळ दिसले, तर काळजीचे कारण नाही. लालभडक रेघ बराच वेळ तशीच राहिली, तर एक तर दाब जास्त आहे किंवा ती रिम आपल्या ओठांना व दातांच्या ठेवणीला मानवलेली नाही.

रिम जुळल्यावर कपाकडे, म्हणजे रिमच्या आतल्या वाटीसारख्या पोकळीकडे वळावे. कप उथळ असेल, तर आवाज चमकदार व टोकदार येतो आणि वरच्या सप्तकात थोडी मदत होते. कप खोल असेल, तर आवाज गडद व गोल येतो. कपाच्या तळाशी असलेले छिद्र म्हणजे थ्रोट. बाख कंपनीच्या ट्रम्पेट माउथपीसमध्ये ते साधारण ३.६६ मिलिमीटरचे असते. हे छिद्र मोठे करून घेण्याची हौस काहींना असते, पण एकदा कोरलेले पितळ परत भरता येत नाही, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. त्यापुढचा, हळूहळू रुंदावत जाणारा मार्ग म्हणजे बॅकबोअर. त्याचा विचार अगदी शेवटी करावा.

माउथपीसवर कोरलेल्या आकड्यांनी नवा वादक गोंधळतो. व्हिन्सेंट बाख हे मूळचे ऑस्ट्रियाचे ट्रम्पेटवादक. त्यांनी १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये माउथपीस बनवायला सुरुवात केली, आणि त्यांची आकड्यांची पद्धत आज सर्वत्र ओळखली जाते. तिच्यात आकडा जितका लहान, तितका व्यास मोठा; आणि अक्षर ए कडून पुढे सरकेल, तसा कप उथळ होत जातो. म्हणजे ७सी हा ३सी पेक्षा लहान, आणि दीड सी (१½सी) त्या दोहोंपेक्षा मोठा. यामाहा आणि शिल्की या कंपन्यांची पद्धत नेमकी उलटी आहे. तिथे आकडा वाढला की व्यास वाढतो आणि अक्षर पुढे गेले की कप खोल होतो. बाखच्या तक्त्यात ७सी चा व्यास १६.२० मिलिमीटर आणि ३सी चा १६.३० मिलिमीटर दिलेला आहे. यामाहाचा ११बी४ हा सर्रास ७सी च्या जोडीचा मानला जातो, तरी त्याचा व्यास १६.४६ मिलिमीटर छापलेला असतो. रिमला गोलाई असल्यामुळे व्यास नेमका कोणत्या उंचीवर मोजायचा, हे प्रत्येक कारखाना आपल्यापुरते ठरवतो. त्यामुळे तक्ते एकाच कंपनीच्या दोन माउथपीसांची तुलना करण्यापुरते वापरावेत. दोन कंपन्यांमधला निवाडा ओठांवर सोपवावा.

आता पारख कशी करायची ते पाहू, कारण बहुतेक चुका इथेच होतात. एका वर्षी लग्नसराईच्या तोंडावर मी एक उथळ माउथपीस घेतला. दुकानात पहिल्या दहा मिनिटांत हाय सी असा सहज निघाला की मी दुसरा माउथपीस हातातही घेतला नाही. पहिल्याच वरातीत, तिसऱ्या तासाला, ओठ सुजून कपाच्या तळाला टेकू लागले आणि सूर मध्येच बंद पडू लागला. फुंक जात होती, पण आवाज नव्हता. नव्या माउथपीसवर सुरुवातीला सगळेच सोपे वाटते, कारण ओठ अजून जुन्याच सवयीच्या जोरावर चाललेले असतात. खरा स्वभाव कळतो तो ओठ थकल्यावर.

म्हणून दोन किंवा फार तर तीन माउथपीस निवडावेत, आणि त्यांच्यात शक्यतो एकाच गोष्टीचा फरक असावा: रिम तीच पण कप वेगळा, किंवा कप तोच पण रिम वेगळी. ट्रम्पेट आपलाच असावा. आधी नेहमीच्या माउथपीसवर दहा-पंधरा मिनिटे ओठ तापवून घ्यावेत. मग प्रत्येकावर त्याच क्रमाने मधल्या जी वर लांब सूर, अगदी हळू आवाजात टंगिंग (जिभेने सूर सुटे करून वाजवणे), खालच्या एफ शार्पपर्यंत उतरणारी सरगम, ओठांनीच सूर बदलण्याचा सराव आणि शेवटी एक ओळखीचे गाणे वाजवावे. मोठ्याने सगळ्यांनाच वाजवता येते. सूर पुटपुटल्यासारखा हळू आणि तरीही न अडखळता सुरू होतो का, हे पाहावे. ट्यूनर (सुराची उंची दाखवणारे यंत्र) समोर ठेवून वरचे सूर चढत नाहीत ना, हेही पाहावे, कारण फार उथळ कपात ते चढण्याकडे झुकतात. एखाद्या जाणत्या मित्राला वीस-पंचवीस फुटांवर पाठमोरे उभे करून त्याचे मत घ्यावे. वाजवणाऱ्याच्या कानाला येणारा आवाज आणि समोर पोहोचणारा आवाज यांत बराच फरक असतो. पसंत पडलेला माउथपीस दोन आठवडे फक्त तोच वापरावा आणि सरावाच्या शेवटच्या दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग ऐकूनच निर्णय करावा.

वाजवायचे कुठे, याचाही विचार हवा. वाद्यवृंदात वाजवणारे पुष्कळजण दीड सी किंवा त्याच्या आसपासचे मोठे माप पसंत करतात. बिग बँडमध्ये, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदात, लीड (वरच्या सुरांचा मुख्य भाग) वाजवणाऱ्याला उथळ कप उपयोगी पडतो. वरातीत, विसर्जन मिरवणुकीत किंवा गोव्यातल्या फेस्ताच्या मिरवणुकीत चालत चालत तासन्‌तास मोठ्याने वाजवावे लागते, आणि प्रत्येक पावलाचा धक्का ओठांपर्यंत येतो. अशा वादकाने मध्यम व्यास, मध्यम कप आणि थोडी रुंद, आतून फार धारदार नसलेली रिम निवडावी.

एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे शँक, अर्थात ट्रम्पेटमध्ये जाणारा दांडा. कॉर्नेटचा दांडा बारीक असतो, तो ट्रम्पेटला चालत नाही. योग्य माउथपीस साधारण २५ मिलिमीटर आत जाऊन हलक्या हाताने घट्ट बसतो. तो डुगडुगत असेल, तर ट्रम्पेटचे तोंड झिजलेले आहे किंवा दांड्याचे माप वेगळे आहे. माउथपीस मेरठच्या जली कोठी या वाद्यनिर्मितीच्या वस्तीत बनलेला असो किंवा परदेशी, ही तपासणी प्रत्येकाचीच करावी. दांड्याचे टोक आणि ट्रम्पेटच्या आतील नळीची सुरुवात यांत साधारण ३ मिलिमीटरची फट असणे रूढ आहे, आणि ती कमी-जास्त झाली की फुंकेला जाणवणारा अडसर बदलतो. चांगला माउथपीस आपल्या वाद्यावर रुसल्यासारखा वाटला, तर दांड्याभोवती कागदाची अरुंद पट्टी एक वेढा गुंडाळून पाहावी. माउथपीस थोडा बाहेर राहील आणि फट वाढेल. तेवढ्याने सूर सुधारला, तर मामला फटीचा आहे, कपाचा नाही. टोक पडून चेपले असेल, तर ते कारागिराकडून गोल करून घ्यावे, आणि अडकलेला माउथपीस पकडीने पिळून कधीही काढू नये.

दुसऱ्याचा माउथपीस ओठाला लावण्यापूर्वी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि लहान ब्रश यांनी आतून-बाहेरून धुवावा. रिमवरचा मुलामा उडून पितळ उघडे पडले असेल, तर तो घेऊ नये, कारण उघड्या पितळेने अनेकांच्या ओठांना खाज व पुरळ येते. निवड पक्की झाल्यावर जुना माउथपीस लगेच विकू नये. महिनाभराने त्याच्यावर तेच गाणे पुन्हा वाजवावे आणि दोन्ही रेकॉर्डिंगे शेजारी ठेवून ऐकावीत.