एका खोलीत चौघे : आर्टिकलशिपला नव्याने येणाऱ्यांसाठी

मुंबईत फोर्ट, काळबादेवी, मस्जिद बंदर या भागांतील सनदी लेखापालांची अनेक लहान कार्यालये जुन्या इमारतींमधील एकदोन खोल्यांत चालतात. आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीए होण्यासाठी लागणाऱ्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी, येणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे स्वतंत्र टेबल मिळालेच तर नशीब. बहुधा तिघाचौघांच्या खोलीतील एक खुर्ची, भिंतीवरच्या फळीचा एखादा कप्पा आणि लॅपटॉपच्या चार्जरपुरती जागा एवढेच त्याच्या वाट्याला येते. जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत हे प्रशिक्षण तीन वर्षांऐवजी दोन वर्षांचे झाले आहे, त्यामुळे रुळायला मिळणारा अवधीही आता कमी आहे. व्हाउचर, म्हणजे व्यवहाराच्या पुराव्याचे कागद, कसे तपासायचे हे सीनियर शिकवतात, परंतु खोलीत कसे वागायचे हे सहसा कोणी सांगत नाही, कारण ज्याला त्रास होतो तो भिडेखातर गप्प राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या क्षुल्लक निमित्ताने त्याचा संयम सुटतो. समोरच्याला ही भीड मोडण्याची वेळ येऊ नये, यासाठी विचारण्याचे काम नव्याने आलेल्यानेच आधी करावे, असे इतक्या वर्षांच्या अनुभवाने माझे मत झाले आहे.

एसीवरून होणारी कुरबुर घ्या. सीएसएमटीहून चालत, घामाघूम होऊन आलेला माणूस खोलीत शिरताच रिमोटवरचा आकडा १८ वर नेतो. जुन्या पद्धतीच्या खिडकीतील एसीचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालतो किंवा बंद राहतो. त्यामुळे १८ लावल्याने खोली २४ पर्यंत लवकर येते असे मुळीच नाही, मात्र थोड्या वेळाने झोतासमोर बसलेली सहकारी ओढणी खांद्यावर लपेटून घेते आणि बोलत काहीच नाही. आल्यावर पाच मिनिटे पंख्याखाली बसावे आणि रिमोट हातात घेण्यापूर्वी झोतासमोर जो बसला असेल त्याला विचारावे. पावसाळ्यात ओली छत्री आणि रेनकोट बाहेरच्या व्हरांड्यातच ठेवावेत. जागेअभावी अशिलांच्या फायली जमिनीवर रचलेल्या असतात आणि भिजलेल्या बिलावरची शाई पुन्हा वाचता येत नाही.

आवाजाचा प्रश्न याहून नाजूक आहे. फोन सायलेंटवर ठेवणे, व्हिडिओ इयरफोनशिवाय न पाहणे, फोन स्पीकरवर टाकून न बोलणे, एवढे आता बहुतेकांना कळते. अवघड भाग असतो तो ऐकू येणाऱ्या गोष्टींचा. चार हातांवर बसलेल्या माणसाचे घरच्यांशी चाललेले बोलणे, कर्जाच्या हप्त्यासाठी बँकेतून आलेला फोन, परीक्षेच्या निकालानंतर वडिलांना दिलेली उत्तरे, हे सारे इच्छा नसतानाही आपल्या कानांवर पडते. अशा वेळी उठून पाणी आणायला जावे, आणि परतल्यावर ‘काय झालं रे?’ असे विचारू नये. सांगावेसे वाटले तर तो आपणहून सांगेल. दुसऱ्या टेबलावरच्यांना ती गोष्ट कळवणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. स्वतःचा फोन आला की जिन्यात किंवा व्हरांड्यात जाण्याची सवय मात्र पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी.

अशिलांच्या बाबतीत हीच गोष्ट केवळ शिष्टाचाराची राहत नाही. सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून आणि कायद्याची गरज नसताना उघड करणे हे लेखापालाचे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, आणि आर्टिकलच्या, म्हणजे प्रशिक्षणार्थीच्या, सैल जिभेची झळ पोहोचते ती त्याच्या प्रिन्सिपलला, म्हणजे ज्याच्या हाताखाली तो शिकतो त्या लेखापालाला. लिफ्टमध्ये, चहाच्या टपरीवर आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये अशिलाचे नाव घेऊ नये. जागेवरून उठताना संगणकाचा पडदा कुलूपबंद करावा. शेजाऱ्याच्या टेबलावरचा व्हाउचरांचा गठ्ठा अस्ताव्यस्त दिसला तरी ‘आवरून’ ठेवू नये, कारण तो त्याने तपासणीच्या क्रमाने लावलेला असण्याची शक्यता अधिक असते.

जेवणाविषयी थोडे स्पष्ट लिहितो. पॅन्ट्री नसलेल्या कार्यालयात जो तो आपापल्या टेबलावरच डबा उघडतो, आणि त्याच खोलीत एक जण सोमवारचा उपास करणारा, एक कांदा-लसूणही न खाणारा जैन आणि एक बोंबलाशिवाय ज्याचे जेवण होत नाही असा, अशी मंडळी एकत्र असतात. कोणी काय खावे हे ठरवण्याचा अधिकार शेजारच्या टेबलाला नाही, आणि दुसऱ्याच्या डब्याकडे पाहून नाक मुरडणे हा माझ्या मते सुकटीच्या वासापेक्षा कितीतरी मोठा असभ्यपणा आहे. तरीही एसीच्या बंद खोलीत मासळी पुन्हा गरम केली की वास संध्याकाळपर्यंत हलत नाही, हे मासे खाणारेही नाकारणार नाहीत. शक्य असेल तिथे ती न तापवता खावी आणि जेवण उरकल्यावर थोडा वेळ खिडकी उघडावी. आग्रहही एकदाच करावा. नको म्हणणाऱ्याचा उपास असेल, पथ्य असेल किंवा नुसतीच इच्छा नसेल. त्याचे कारण खोदून विचारू नये.

वेळेच्या बाबतीत मुंबईचा स्वतःचा हिशोब आहे. कसारा किंवा कर्जतला जाणाऱ्याची ठरलेली गाडी चुकली तर पुढची लगेच मिळत नाही, हे कुर्ला-घाटकोपरला राहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. सहकारी बॅग आवरू लागला असताना ‘फक्त दोन मिनिटं, हा फरक बघ ना’ असे म्हणणे टाळावे. प्रश्न कागदावर लिहून ठेवावा आणि सकाळी विचारावा. सप्टेंबरात हा नियम थोडा सैल होतो, कारण ३० सप्टेंबर ही कर-लेखापरीक्षण अहवालाची नेहमीची मुदत असते आणि त्या दिवसांत सगळेच उशिरापर्यंत थांबतात. पण तेव्हाही कोण किती वाजता निघणार हे सकाळीच ठरवून घेतलेले बरे.

रजेचेही तसेच आहे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. गणपतीला कोकणात जाणाऱ्याने तिकीट काढल्यावर मग खोलीत जाहीर करायचे, असे करू नये. आरक्षण खुले होण्याच्या आधीच्या आठवड्यात सर्वांनी एकत्र बसून कोण कधी जाणार ते ठरवावे. भाद्रपद बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरातच येतो, म्हणजे नेमका कामाच्या गर्दीत, आणि मागे राहणाऱ्यावर दोघांच्या फायली पडतात. तो दिवाळीला किंवा परीक्षेच्या आधी जाणार असेल तर त्याच्या फायली कोण सांभाळणार, हेही त्याच बैठकीत बोलावे.

इतके करूनही खटका उडालाच, तर थेट सरांकडे जाऊ नये आणि ग्रुपवर सूचक संदेश टाकू नये. वयाने मोठ्या सहकाऱ्याला ‘अहो’ म्हणत, जेवणानंतर एकटे गाठून, एकाच गोष्टीविषयी बोलावे. जुन्या तक्रारींची यादी बाहेर काढली की मूळ गोष्ट राहून जाते.

मात्र नकोसा स्पर्श, अंगलगट करणे, लैंगिक शेरे किंवा संदेश या गोष्टी समजुतीने मिटवण्याच्या खटक्यांत मोडत नाहीत. त्या सहन करणाऱ्या मुलीने आधी त्या माणसाशी बोलून पाहावे, असा सल्ला तिला कोणी देऊ नये. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा होणारा लैंगिक छळ रोखण्यासाठीच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान कार्यालयातील स्त्रीला, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. लेखी तक्रारीची मुदत साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांची असल्याने तारखा आणि संदेश त्याच दिवसापासून जपून ठेवावेत.