बंद, दगडफेक, जाळपोळीत गाडी फुटली तर क्लेम कसा करायचा (माझ्या फुटलेल्या काचांवरून)

30 जुलै 2018, सोमवार. चाकणला मराठा आंदोलनाला हिंसक वळण लागलं तो दिवस, तळेगाव चौकाच्या बाजूने काळा धूर दिसत होता, बसेस पेटलेल्या, आणि माझी तीन वर्षांची हॅचबॅक नेमकी त्याच दिवशी रोडला लावलेली कारण आमच्या कारखान्याच्या आत पार्किंग फुल्ल होतं. संध्याकाळी पोलिसांनी त्या बाजूला जाऊ दिल्यावर गाडीपाशी गेलो तर पुढची काच नाही, मागची काच नाही, बॉनेटवर दोन मोठे दगड बसल्याच्या खुणा, एक हेडलॅम्प आणि बंपर गेलेला. ड्रायव्हर सीटवर अर्धी वीट ठेवल्यासारखी पडलेली. मी पहिलं काम काय केलं, तर ती वीट उचलून फेकून दिली आणि फडक्याने काचा झाडायला लागलो. ही पहिली चूक, पुढे येईलच.

माझ्या गाडीमागेच कारखान्यात आमच्या लाइनवर काम करणाऱ्या एकाची गाडी उभी होती, तेच दगड, तेवढंच नुकसान. मला बऱ्यापैकी पैसे मिळाले, त्याला शून्य. का, तर त्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी होती आणि तो वर्षभर "इन्शुरन्स आहे ना आपला" म्हणत फिरत होता. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं काही झालं तर. कायद्याने तेवढीच सक्तीची आहे म्हणून बरेच जण स्वस्तात तेवढीच काढतात, पोलीस पावती फाडत नाहीत एवढाच तिचा उपयोग. तुमच्या स्वतःच्या गाडीवर कोणी दगड मारला, पेट्रोल टाकून जाळली, तर ती पॉलिसी तुमच्याकडे बघणार पण नाही.

तर आधी आत्ताच्या आत्ता मोबाईलमधली पॉलिसीची पीडीएफ उघडा. वर कॉम्प्रिहेन्सिव्ह किंवा पॅकेज पॉलिसी लिहिलंय का बघा, किंवा ओन डॅमेज म्हणजे ओडी प्रीमियमसमोर काही आकडा आहे का बघा. ओडीच्या खाली शून्य असेल तर विषय संपला. नवीन गाडी घेणाऱ्यांचा इथे घोळ होतो, सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते पण ओडी बऱ्याचदा एकच वर्षाचं असतं, त्यामुळे दुसऱ्या वर्षी माणूस निवांत असतो की तीन वर्षांचा इन्शुरन्स काढलाय आणि ओडी कधीच संपलेलं असतं. नुसतं ओडी वेगळं काढता येतं, 2019 पासून.

ओडी चालू असेल तर दंगलीसाठी वेगळं काही घ्यायला लागत नाही. एजंट कधी कधी "दंगल कव्हर ॲड करू का" असं विचारतात, हसून नाही म्हणा. आपल्याकडच्या स्टँडर्ड मोटर पॉलिसीत आग, चोरी, भूकंप, पूर यांच्याच यादीत दंगल आणि संप, कोणी मुद्दाम केलेलं नुकसान, आणि दहशतवादी कृत्य हे सगळं आधीच असतं. बाहेर काय ठेवलंय तर युद्ध, परकीय आक्रमण, यादवी युद्ध, लष्करी बंड, अणुदुर्घटना. मोर्चा चिघळला, कर्फ्यू लागला, इंटरनेट बंद झालं म्हणून ते काही यादवी युद्ध होत नाही, त्यामुळे कोणी तसं घाबरवलं तर घाबरू नका. जमावाने डिकी फोडून स्टेपनी किंवा म्युझिक सिस्टीम पळवली तर ते चोरीत बसतं, पण आतला लॅपटॉप, बॅग, गॉगल हे नाही बसत. आणि प्रायव्हेट पासिंगची गाडी त्या दिवशी भाड्याने मारत होतात असं निघालं तर मात्र क्लेम अडकणार.

आता गाडी फुटल्यावर काय करायचं. वातावरण शांत होईपर्यंत गाडीजवळ जाऊ नका, गाडी परत मिळते. गेल्यावर कशालाही हात लावायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ. चारही बाजूंनी, नंबर प्लेट दिसेल असे, आत पडलेले दगड-विटा जिथे आहेत तिथेच दिसतील असे, आणि एक लांबून, ज्यात आजूबाजूची फुटलेली वाहनं, दुकानाची पाटी, रस्ता दिसेल. तो लांबचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा. माझ्याकडे तोच नव्हता. वीट फेकून दिलेली, काचा झाडलेल्या, गाडी गॅरेजला आणल्यावर काढलेले फोटो, त्यामुळे सर्व्हेअरने (नुकसान तपासायला विमा कंपनी पाठवते तो माणूस) पहिला प्रश्न विचारला "हे दगडानेच झालं कशावरून, कुठे ठोकली असेल तर?" नशीब की लाइनवरच्या त्या दुसऱ्याने व्हॉट्सॲपवर टाकायला व्हिडिओ काढला होता, त्यात माझी गाडी येत होती. त्याला काही मिळालं नाही पण त्याच्या व्हिडिओवर माझा क्लेम पास झाला, त्याला अजून जेवण देणं बाकी आहे.

फोटो झाले की गाडी तशीच उघडी टाकून घरी जाऊ नका. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घ्या अशी पॉलिसीत अटच असते, रात्री पाऊस आला आणि आतली वायरिंग भिजली किंवा कोणी बॅटरी काढून नेली तर त्या जादाच्या नुकसानीवर कंपनी हात वर करू शकते. ताडपत्री टाका, टोइंग करून गॅरेजला न्या. टोइंगचे पैसे स्टँडर्ड पॉलिसीत कारला 1,500 रुपयांपर्यंत मिळतात, पावती घ्या. दुरुस्ती मात्र सर्व्हे व्हायच्या आधी सुरू करायची नाही, गॅरेजवाला कितीही घाई करू दे.

मग पोलीस. इथे नीट वाचा कारण लोक इथेच कंटाळा करतात. त्या दिवशी चौकीत शंभर लोक असतात, साहेब बंदोबस्तावर, ठाणे अंमलदार वैतागलेला. मी गेलो तेव्हा त्यांनी लिहून घेतलं "अज्ञात इसमाने काच फोडली" आणि एनसीची (अदखलपात्र तक्रारीची) प्रत हातात दिली. मी म्हटलं, साहेब, एक माणूस नव्हता हो, जमाव होता, बसेस पेटल्यात बाहेर. ते म्हणाले, "अहो तेच ते, इन्शुरन्सला चालतं." चालतं म्हणजे, मुद्दाम केलेलं नुकसानही कव्हर असतंच, त्यामुळे क्लेम काही मरत नाही, पण कागदावर एक आणि तुम्ही क्लेम फॉर्मवर दुसरंच लिहिलं की चौकशी सुरू होते आणि महिना जातो. मी अर्धा तास बसून राहिलो, शेवटी "आंदोलनादरम्यान जमावाने केलेल्या दगडफेकीत" एवढे शब्द घालून घेतले. तारीख, अंदाजे वेळ, जागा, गाडीचा नंबर आणि काय काय फुटलं हे सगळं त्यात पाहिजे.

मोठ्या दंगलीत बऱ्याचदा पोलीस स्वतःच सरकारतर्फे जमावाविरुद्ध गुन्हा दाखल करतात, वेगवेगळ्या शंभर एफआयआर होत नाहीत. अशा वेळी भांडू नका, फक्त त्या गुन्ह्याचा नंबर घ्या आणि आपला जबाब किंवा पंचनामा त्याला जोडलाय ना आणि त्यात आपल्या गाडीचा नंबर आहे ना ते बघा, मग त्या एफआयआरची कॉपी आणि पंचनाम्याची कॉपी दोन्ही. आता नवीन भारतीय न्याय संहितेत दंग्याचं कलम 191 आहे, आधी आयपीसीत 147 असायचं, जुन्या ब्लॉगवर वाचून 147 चा हट्ट धरू नका. गाडी जळाली असेल तर फायर ब्रिगेडचा दाखलाही लागतो, तो वेगळा अर्ज करून मिळतो. मार्च 2025 ला नागपुरात महाल, हंसापुरीत गाड्या जाळल्या तेव्हा मुख्यमंत्र्यांनी दंगेखोरांकडून वसुली करू असं जाहीर केलं होतं. सरकारी भरपाईचा अर्ज जरूर करा, पण तिची वाट बघत इन्शुरन्सचा क्लेम थांबवू नका.

कंपनीला कळवायचं लगेच, पोलिसांचा कागद हातात यायची वाट न बघता. ॲपवर किंवा टोल फ्री नंबरवर कळवून क्लेम नंबर घ्या. इंटरनेट बंद असेल तर साधा फोन. दोन-तीन दिवस उशीर झाला आणि कारण कर्फ्यू होतं तर ते लेखी द्या, कर्फ्यूच्या बातमीचं कात्रणही चालतं. कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. नुकसान 50,000 च्या आत असेल तर लायसन्सवाला सर्व्हेअर लागतोच असं नाही, हल्ली व्हिडिओ कॉलवरच बघतात.

पैसे किती मिळतात, तर पूर्ण कधीच नाही, झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादाचं कव्हर) नसेल तर. माझा हिशोब देतो, आकडे राउंड केलेत. पुढची काच 8,000, मागची 5,500, काचेला घसारा कापत नाहीत म्हणून दोन्ही पूर्ण. बॉनेट 6,000, गाडी तीन ते चार वर्षांची म्हणून धातूला 25 टक्के कट, मिळाले 4,500. बंपर 4,000 आणि हेडलॅम्प 5,000, प्लास्टिक म्हणून निम्मे, 2,000 आणि 2,500. लेबर 4,000 पूर्ण. पेंटिंग 8,000, त्यात रंगाचा माल 25 टक्के धरून त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे 7,000. बिल 40,500, मान्य झाले 33,500, त्यातून 1,500 सीसीच्या आतल्या कारचं सक्तीचं डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये आपणच सोसायची रक्कम) 1,000 गेलं, हातात 32,500. खिशातून 8,000. दुःख त्या 8,000 चं नाही, बंपरचं झालं, बंपर आधीच घासलेला होता आणि सर्व्हेअरने ते बरोब्बर पाहिलं, निम्मे मिळाले हेच खूप.

पूर्ण जळालेल्या गाडीचं गणित वेगळं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत) 75 टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस, मग आयडीव्ही वजा डिडक्टिबल. म्हणून रिन्यूअलला दोन-तीन हजार वाचवायला आयडीव्ही खाली ओढू नका, एजंट तेच करून "स्वस्त कोटेशन" दाखवतात. लोन चालू असेल तर चेक आधी बँकेकडे जातो, उरलं तर तुमच्याकडे. आरसी, चाव्या द्याव्या लागतात, आरटीओत नोंद रद्द करावी लागते.

एक गोष्ट क्लेम टाकण्याआधी ठरवायची. दंगलीत तुमची काही चूक नसते तरी क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल ओडी प्रीमियमवर मिळणारी सूट) जातो. मला पुढच्या वर्षी 45 टक्के मिळणार होता, तो शून्य झाला, मग परत 20, 25, 35 असं चढायचं. ओडी प्रीमियम 6,000 धरला आणि तेवढाच राहील असं मानलं तर पाच वर्षांत एकूण 7,200 चं नुकसान. त्यामुळे नुसता आरसा फुटला, एक डेंट आला, बिल पाच-सहा हजार, तर गपचूप खिशातून करा. बोनस प्रोटेक्शन घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा, फोनवरचं "सर पॉलिसीत बसत नाही" ऐकून ठेवायचं नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला मेल, सोबत आयआरडीएआयच्या विमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींवर निकाल देणारा अधिकारी), मुंबईत आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, नकाराच्या पत्रापासून एका वर्षाच्या आत जायचं. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही. पैसे दीड महिन्याने आले, सीटच्या फटीतून काचेचे तुकडे मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत निघत होते.