मिनेसोटातल्या पहिल्या पॉटलकला काय न्यावं

नुकतेच इकडे आला असाल, तर हिवाळा सरायच्या आत ऑफिसातून, मुलांच्या शाळेतून किंवा शेजारच्या चर्चमधून पॉटलकचं बोलावणं येईल. म्हणजे आपली अंगतपंगतच, फक्त प्रत्येकाने सगळ्यांना पुरेल असं एक काहीतरी आणायचं. "काय आणू?" विचारलंत तर "काही नको, नुसते या" म्हणतील. तरी रिकाम्या हाताने जाऊ नका.

मी पहिल्यांदा साबुदाण्याची खिचडी नेली होती. हॉलपर्यंत पोचेतो ती गार होऊन चिवट झाली. त्याहून वाईट म्हणजे तिच्यात दाण्याचं कूट होतं आणि रांगेतल्या एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. त्याच्या आईने विचारलं म्हणून निभावलं. तेव्हापासून माझ्या भांड्यापुढे चिठ्ठी असतेच: दूध, गहू, अंडं, दाणे, मांस, जे असेल ते मोठ्या अक्षरांत.

पुढच्या वेळी मी हॉटडिश केली. म्हणजे एकाच ट्रेमध्ये सगळं थरांनी लावून ओव्हनमध्ये भाजायचं. बाकीच्या अमेरिकेत जिला कॅसरोल म्हणतात, तिला इथे हेच नाव. तिची १९३० सालची छापील कृती इथल्याच मँकाटो गावच्या ग्रेस लुथरन चर्चमधल्या बायकांची आहे. तिच्यात बीफचा खिमा, मॅकरोनी आणि टोमॅटो सूप होतं. वर टेटर टॉट, म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तळलेले छोटे गोळे, लावायची पद्धत नंतरची.

आमच्या घरात बीफ चालत नाही, म्हणून मी पाऊण किलो मश्रूम आणि एक डबा राजमा घेते. टर्कीचा खिमाही छान लागतो. दोन कांदे चांगले तांबूस परतायचे, मश्रूमचं पाणी पूर्ण आटवायचं (हे चुकलं की तळाशी पाणी सुटतं), मग फरसबी, मक्याचे दाणे, क्रीम ऑफ मश्रूम सूपचा एक डबा आणि चमचाभर कांदा-लसूण मसाला. सूप खारट असतं, मीठ चव बघूनच. हे ९ बाय १३ इंची ट्रेमध्ये पसरून वर किसलेलं चीज, आणि त्यावर फ्रोजन टॉट एकाला एक चिकटून, फरशी बसवावी तसे ओळीने. ३७५ फॅरनहाइटवर पाऊण तास. टॉट तांबूस झाले आणि त्यांच्या फटींतून रस्सा बुडबुडायला लागला की झालं.

ट्रे फॉइलने झाकून जाड टॉवेलात गुंडाळा. तळाला मास्किंग टेपवर नाव लिहा, सगळ्यांचे ट्रे सारखेच दिसतात. अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नका.

आणि ट्रेमध्ये शेवटचा तुकडा तसाच राहिला, तर वाईट वाटून घेऊ नका. इथली माणसं तो भिडेपोटी उचलत नाहीत. अर्धा घेतात, मग त्याचा अर्धा. शेजारी उभ्या असलेल्या आजींच्या ताटात तुम्हीच वाढा.