भागीदार शोधायला निघण्याआधी

गावातल्या कामासाठी संस्थेला भागीदार हवा असेल, तर आधी संस्थेचं कपाट उघडा. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पॅन, तीन वर्षांचे ऑडिट, आयकर सवलतीची १२ए आणि ८०जी प्रमाणपत्रं हे सगळं एका फायलीत आणि स्कॅन करून मोबाइलमध्येही हवं. शेड्यूल वन, म्हणजे धर्मादाय कार्यालयातला तुमच्या विश्वस्तांच्या नोंदीचा उतारा, जरूर वाचून बघा. कोकणातल्या बऱ्याच जुन्या संस्थांत वारलेले अध्यक्ष कागदावर अजून अध्यक्षच असतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो राहिला असेल तर आजच वकिलाला फोन करा, बाकी गोष्टी त्यानंतर. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा हवा असेल तर सीएसआर-१ ही सरकारी नोंदणीही लागते. १ एप्रिल २०२१ पासून तिच्याशिवाय कंपनी तुमच्यामार्फत काम करू शकत नाही.

मग वही घेऊन बसा आणि आपल्याकडे काय नाही ते लिहा. पैसे नाहीत, हे सगळेच लिहितात. पण जागा नाही, हिशेब लिहिणारं माणूस नाही, माल मुंबईला न्यायला गाडी नाही, असं सुटं सुटं लिहिलं की कोणाकडे जायचं ते आपोआप कळतं. कोकम-फणसाच्या प्रक्रियेचं तंत्र हवं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठात जा. बचत गटांपर्यंत पोचायचं तर उमेदचं, म्हणजे बचत गटांसाठीच्या राज्य सरकारच्या अभियानाचं, तालुक्याचं कार्यालय गाठा. गाडी आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा गावाच्या मुंबई मंडळाकडेच सापडतं. चाकरमान्यांना फक्त देवळाच्या वर्गणीपुरतं धरणं हा आपला जुना करंटेपणा आहे.

भेटीची वेळ पंचांग बघून ठरवा. एप्रिल-मेमध्ये बागायतदार आंब्यात असतो, त्याला बैठकीला बोलावू नका. मच्छीमार सोसायटीशी निवांत बोलायचं तर १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी बरी. मुंबई मंडळ शिमग्याला आणि गणपतीत गावात असतं, पण आरतीच्या गडबडीत विषय काढू नका. गौरी-विसर्जनानंतरची सकाळ मागून घ्या. ग्रामपंचायतीचा ठराव लागणार असेल तर पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत विषय जाईल एवढं आधी पत्र द्या.

कोणाचे पैसे घ्यायचे नाहीत, हेही आधीच ठरवा. कंपनी कायद्यात सीएसआरसाठी कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितलं आहे, त्यामुळे खेड-चिपळूणकडच्या संस्थेची नजर लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीकडे जाणारच. पण त्या वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीचे मच्छीमार वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. तुमचं काम त्यांच्यातच असेल तर चेक येण्याआधी त्यांच्या बैठकीत विचारा, आणि काय ठरलं ते इतिवृत्तात लिहून सह्या घ्या. नंतर कंपनीचा बोर्ड लागलेला बघून वाडी तुमच्याशी बोलायची थांबली तर कुठलाही निधी ते भरून काढणार नाही.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला एकदा जाऊन या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे २००२ मध्ये कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय गावातल्याच घरांनी केली, वन खातंही सोबत आलं. कोणाच्या हातात काय आणि मिळकत कोणाच्या घरात जाते, एवढंच तिथे विचारा; माझ्या मते प्रशिक्षणाच्या दोन दिवसांपेक्षा ते जास्त शिकवून जातं.

शेवटी करार. ओळखीतल्या माणसाबरोबर तर लेखी हवाच, दोन पानं पुरतात. फोटोवर नाव कोणाचं याची चर्चा सगळे करतात, पण समजा फणस-कोकम सुकवायचा ड्रायर घेतला, तर तो बसवल्यावर विजेचं बिल कोणी भरायचं, पावसात तो बिघडला तर मेकॅनिक कोणी आणायचा, आणि भागीदारी मोडली तर ड्रायर कोणाच्या पडवीत राहणार, हे कलम कुणी घालत नाही. ते घाला, खाली तारीख टाका, आणि एक प्रत बचत गटाच्या अध्यक्षबाईंकडे द्या.