हातानं वीट पाडायची तर

माझी हयात कोल्हापुरात वीटभट्टीवर गेली. आता आर्किटेक्चरची पोरं शिकायला येतात. आल्या आल्या साच्याला हात घालतात. मी आधी मातीत उतरवतो.

नुसती काळी माती घेऊ नका, वाळताना तडकते. नदीकाठचा गाळ घ्या, त्यात राख आणि थोडा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, घाला. राखेनं वीट कमी आकसते, बगॅस आत जळतो म्हणून ती पोटातूनही भाजते. रात्रभर भिजवा, सकाळी पायानं तुडवा. खडा पायाला लागायचा थांबेपर्यंत तुडवायचं, दमलो म्हणून थांबायचं नाही. मग करंगळीएवढी वळी करून वाकवा. मोडली तर अजून तुडवा, हाताला चिकटली तर पाणी जास्त झालंय.

साचा ओला करून आत बारीक वाळू फिरवा. गाऱ्याचा गोळा जरा मोठाच घ्या आणि ताकदीनं आपटा. हळूच ठेवला तर कोपरे पोकळ राहतात, मग वरून कितीही दाबा. जादा गारा फळीनं काढून साचा सरळ वर उचला.

आता खरी मेख उलटण्यात आहे. अंगठा दाबून खड्डा पडत नाही, पण नखाचा ओरखडा उठतो, तेव्हाच वीट अरुंद कडेवर उभी करा. घाई केली की बोटं रुततात आणि भाजल्यावर कायमची राहतात. इथं मी पोरांना अमेरिकेतल्या चार्ल्स्टनकडच्या जुन्या भिंतींचे फोटो दाखवतो. तिथल्या विटांत असेच ठसे आहेत, काही अगदी लहान. मळ्यांवर गुलामांची मुलंही ओल्या विटा वाहायची, उलटायची. जवळच्या बून हॉल मळ्यावर 1850 च्या सुमाराला गुलाम माणसं वर्षाला जवळपास 40 लाख विटा काढत. माती ओळखणारे, भट्टीचा जाळ सांभाळणारे तेच. हुशार कारागिराला मालक दुसऱ्याकडं कामाला धाडायचा आणि मजुरी आपल्या खिशात घालायचा. त्यामुळं एखादी हवेली अमक्या मळेवाल्यानं बांधली असं कुणी म्हणालं, की मी विचारतो, गारा कुणी तुडवला?

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर किंग्जली मळ्यात तर गुलामांनी शिंपले भाजून चुना केला. वाळू, पाणी आणि अख्खे शिंपले त्यात कालवून फळ्यांच्या साच्यात भिंती ठोकल्या. आपल्या कोकणातही शिंपल्यांचा चुना भाजायचे, पण अशा ठोकीव भिंती मी इकडं पाहिल्या नाहीत.

ठसा पडलेली वीट फेकू नका, ताकदीत फरक पडत नाही. पूर्ण वाळल्याशिवाय मात्र भट्टीत रचू नका, आतल्या वाफेनं फुटते. भाजल्यावर दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत वाजली तर पक्की. बद्द वाजली तर तुळशीच्या कट्ट्यालासुद्धा नको. बांधायच्या आधी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा, नाहीतर कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढते आणि सांध्याचा भुगा होतो.