पहिली मॅरेथॉन आणि भरपाईचा मोह: सरावाला वेळ कमी असेल तर या चुका टाळा

नोकरी, घर आणि रोजचा प्रवास सांभाळून आठवड्याला जेमतेम पाच-सहा तास हाताशी असलेली व्यक्ती ४२.१९५ किलोमीटरची पहिली मॅरेथॉन पूर्ण करू शकते. अशा धावपटूंना कमी सरावापेक्षा राहिलेला सराव घाईघाईने भरून काढण्याचा हट्ट अधिक वेळा नडतो, असे माझे मत आहे.

गोव्यात हा हट्ट धरण्याची वेळ हमखास येते. डिसेंबरमध्ये धावायचे तर तयारी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसात सुरू करावी लागते, आणि पाऊस जरा उसंत देतो न देतो तोच चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी येते. घरात गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली, पाहुण्यांची ये-जा चाललेली आणि नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा हाताच्या अंतरावर असताना पहाटे धावायला बाहेर पडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पहिल्या वर्षी माझेही तीन आठवडे असेच गेले. त्यापूर्वीची माझी सर्वांत लांब धाव १६ किलोमीटरची होती. तरीही मागे पडल्याच्या धास्तीने मी एका रविवारी जुने गोवे येथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेलो आणि तेथे एका दमात २८ किलोमीटर धावलो. त्या दिवशी काही झाले नाही, परंतु मंगळवारी नडगी दुखू लागली आणि आणखी तीन आठवडे हातचे गेले.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो: चुकलेली धाव सोडून द्यायची. एक आठवडा गेला असेल, तर जेथे थांबलो तेथूनच पुढे जावे. दोन-तीन आठवडे गेले असतील, तर शेवटच्या लांब धावेतून साधारण पाव हिस्सा कमी करून पुन्हा सुरुवात करावी. त्याहून मोठा खंड पडला असेल, तर शर्यतीची तारीख किंवा अंतर बदलण्याचा विचार प्रामाणिकपणे करावा. आठवड्यात तीन धावा पुरतात. मधल्या दिवसांत पाऊण ते एक तासाच्या दोन आणि रविवारी एक लांब धाव ठेवावी. लांब धावेचे अंतर दर वेळी दोन-तीन किलोमीटरने वाढवावे आणि दर तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम घटवावे. २८ ते ३० किलोमीटर किंवा सुमारे साडेतीन तास, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथे थांबणे शहाणपणाचे आहे, कारण त्यापुढे फायद्यापेक्षा थकवाच जास्त पदरी पडतो.

दुसरी चूक वेगाची आहे. धावा मोजक्याच असल्याने प्रत्येक धाव जोरात झाली पाहिजे, असे वाटू लागते आणि पणजीतला मिरामार ते दोनापावला हा सपाट रस्ता रोज संध्याकाळी शर्यतीचा मार्ग बनतो. प्रत्यक्षात तीनपैकी किमान दोन धावा सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या संथ असाव्यात. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात घड्याळाकडे पाहून धावणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. लांब धाव पदेराचा, म्हणजे सकाळी पाव विकायला येणाऱ्याचा भोंगा ऐकू येण्यापूर्वीच सुरू केलेली बरी. मात्र केवळ सपाट रस्त्यावर भिस्त न ठेवता पंधरवड्यातून एकदा पणजीतल्या आल्तिनो टेकडीची चढण घ्यावी.

दुखणे ओळखण्यातही गल्लत होते. दोन्ही पोटऱ्या किंवा मांड्या सारख्याच भरून आल्या असतील, तर तो थकवा समजावा. परंतु नडगीच्या हाडावर एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शक्यता गृहीत धरून धावणे थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येत असेल, तर आपण रोज रस्त्याच्या एकाच उतरत्या कडेने धावतो का, हे आधी तपासावे.

खाण्याच्या बाबतीत एक साधा हिशेब उपयोगी पडतो. ६५ किलो वजनाच्या व्यक्तीला एका किलोमीटरला साधारण ६५ कॅलरी लागतात, म्हणजे संपूर्ण शर्यतीला २७०० च्या पुढे. स्नायू आणि यकृत यांत साठवलेली साखर मात्र सुमारे २००० कॅलरींचीच असते. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय एकाएकी शिशासारखे जड होतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. त्यामुळे भूक लागण्याची वाट न पाहता, पहिल्या पाऊण तासापासूनच तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. मध्यम आकाराच्या एका केळ्यात ती सुमारे २५ ग्रॅम असतात. जे शर्यतीत खायचे ते लांब धावांमध्ये खाऊन पाहिलेले असावे. आदल्या रात्री उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि थोडे लोणचे यांहून पोटाला मानवणारे दुसरे काही मला अद्याप सापडलेले नाही.

पाण्याची भरपाईही अंगाशी येऊ शकते. पाच-सहा तास मार्गावर राहणारा नवखा धावपटू वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर साधे पाणी पीत गेला, तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. बोटे सुजणे, मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत आणि अशा वेळी आणखी पाणी पाजणे घातक ठरते. एका तासाच्या धावेपूर्वी आणि नंतर वजन करावे. वाटेत पाणी घेतले नसेल, तर एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. शर्यतीत तहानेनुसार आणि या मापाच्या आतच प्यावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे टाळावे, कारण घामाने शरीरातले पाणी कमी झाले असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

शर्यतीच्या दिवशी हाच मोह उलट्या रूपात येतो: पुढे दमणार आहोत, म्हणून सुरुवातीलाच वेळ कमवून ठेवू. अर्धमॅरेथॉनला दोन तास वीस मिनिटे लागत असतील, तर कमी सरावावर पूर्ण अंतरासाठी सव्वापाच तास धरावेत, म्हणजे किलोमीटरला सुमारे ७ मिनिटे २८ सेकंद. आणि पहिले दहा किलोमीटर त्याहूनही दहा-पंधरा सेकंद संथ काढावेत. चालायचे असेल, तर दमल्यावर नव्हे, पहिल्या दहा मिनिटांपासूनच नऊ मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे असा क्रम ठेवावा. अर्थात नाव नोंदवण्यापूर्वी शर्यतीची वेळमर्यादा पाहिलेली असली पाहिजे.

शेवटची लांब धाव तीन आठवडे आधी संपलेली असावी. अखेरच्या दहा दिवसांतील कष्टांचे फळ शर्यतीपर्यंत मिळत नाही, थकवा मात्र सोबत येतो. त्या सकाळी अंगात ताप असेल, तर प्रारंभरेषेवर जाऊच नये, कारण तापात एवढे श्रम केल्यास हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. भरलेले शुल्क वसूल करण्यासाठी आजारी अंगाने धावणे ही या सगळ्यांतली सर्वांत महाग भरपाई आहे.