धरणावरचा रॉड समुद्रावर नेताय? या चुका टाळा

विदर्भात गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर किंवा इटियाडोह धरणावर रोहू-कतल्यासाठी सहा-सात फुटी रॉड वापरणारे आपले बरेच गडी कोकणात जातात तेव्हा तोच रॉड सोबत नेतात. काही जण मुद्दाम नवा घेतात, पण तोही दुकानात हातात धरून, जड की हलका एवढंच बघून. दोघांचीही चूक एकच, सुरुवात रॉडपासून होते. समुद्रावर आमिष लावून गरवायचं असेल तर आधी शिसं ठरवा, त्यावरून रॉड, मग लाइन आणि शेवटी रील. हा क्रम पाळला तर निम्म्या अडचणी दुकानातच मिटतात.

शिसं हलकं आणि रॉड त्याहून हलका

आपल्या तलावात पाणी उभं असतं. कणकेचा गोळा वीस ग्रॅमच्या शिशासोबत टाकला तरी जागचा हलत नाही. पुळणीवर लाटा आणि भरतीची ओढ तेच शिसं काही मिनिटांत पायाशी आणून टाकतात, वर लाइनचा गुंता होतो तो वेगळाच. तिथे साधारण 80 ते 150 ग्रॅम शिसं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला जोर जास्त, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत कमी. म्हणून निघायच्या आधी तिथी बघा आणि शिसं दोन-तीन वजनांचं ठेवा. उघड्या पुळणीवर तारेचे आकडे असलेलं शिसं वाळूत रुतून बसतं, गोल शिसं गडगडत येतं.

आता रॉडकडे या. मुठीच्या वर एक आकडा छापलेला असतो, 10–30 ग्रॅम, 60–120 ग्रॅम असा. रॉड किती वजन फेकू शकतो ते हा आकडा सांगतो आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. 10–30 च्या रॉडने शंभर ग्रॅम फेकायला गेलात तर शेंडा पहिल्याच फेकीत जाऊ शकतो. शिवाय या हिशेबात आमिषही धरायचं. शंभर ग्रॅम शिसं आणि तीस ग्रॅमचा बांगड्याचा तुकडा म्हणजे 130 ग्रॅम झाले. त्यासाठी 150 पर्यंतचा रॉड घ्या, 120 चा ताणू नका.

लांबी जागेवर ठरते. पुळणीवर 10 ते 12 फूट, कारण लाइन फुटणाऱ्या लाटांच्या वर राहिली पाहिजे. जेटीवर, खडकावर किंवा खाडीत सात-आठ फूट पुरे, तिथे लांब रॉड उलट अडचणीचा होतो.

वर्षातून एकदा-दोनदा जाणाऱ्याने फायबरग्लासचा किंवा मिश्र बनावटीचा रॉड घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. कार्बन हलका खरा, पण खडकावर आपटला तर बारीक तडा जातो आणि पुढे मासा ओढताना तिथूनच मोडतो. कार्बनमधून वीजही वाहते. विजा चमकत असताना तो हातात नको, आणि घरी सराव करताना शेतातल्या 11 केव्हीच्या तारांखालून उभा रॉड घेऊन अजिबात जाऊ नका.

घडीचा, एकात एक सरकणारा रॉड प्रवासाला सोयीचा वाटतो. पण सांध्यात वाळू आणि मीठ शिरलं की तो उघडत नाही, नाहीतर मिटत नाही. त्यापेक्षा तीन तुकड्यांचा बारा फुटी घ्या, तुकडा साधारण चार फुटांचा येतो. शेतातला 75 मिमीचा पीव्हीसी पाईप पाच फूट कापा, एका टोकाला टोपी चिकटवा, दुसरीकडे काढता येणारी लावा. रेल्वेच्या बाकाखाली रॉड सुखरूप राहतो. बारीक पाईपचा तीन-साडेतीन फुटी तुकडा एका टोकाला तिरका कापून घ्या, पुळणीवर तो वाळूत ठोकला की रॉडला स्टँड तयार.

फेकताना लाइन तुटते

याचं कारण बहुतेक वेळा एकच, पुढे जाड लीडर, म्हणजे मुख्य लाइनच्या टोकाला जोडलेला जाड लाइनचा तुकडा, नसतो. साधं गणित आहे: चार औंस म्हणजे सुमारे 113 ग्रॅम शिशाला 40 पौंडी लीडर, दर औंसाला दहा पौंड. रीलवर पाच-सहा वेढे, तिथून शेंड्यापर्यंत आणि खाली लोंबणारा भाग, एवढी त्याची लांबी हवी. यात कंजुषी करू नका. सुटलेलं शिसं गोळीसारखं जातं आणि पुळणीवर लेकरं खेळत असतात.

मुख्य लाइन म्हणून पहिल्या खेपेला 20 पौंडांची साधी तंगूस (नायलॉनची लाइन) बरी. ती ताणते, घासणं सोसते. ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाइन बारीक असल्याने लांब जाते, पण खडकावरच्या कालवांच्या धारेला लागली की कापली जाते. खडकात शिसं अडकणारच. तिथे मोटरसायकलचे जुने स्पार्क प्लग वजन म्हणून कमजोर दोरीने बांधा. अडकलं तर दोरी तुटेल, गळ आणि मासा हाती येईल.

रील: नंबर बघून फसू नका

पुळणीसाठी 5000–6000 च्या आसपासची स्पिनिंग रील चालते, पण कंपनीगणिक या नंबरचा अर्थ बदलतो. रिळावर छापलेली क्षमता वाचा. 0.40 मिमीची लाइन किमान 200 मीटर बसली पाहिजे. लाइन काठापासून दोन-तीन मिमी खाली येईपर्यंत भरा. कमी भरली तर फेक तोकडी पडते, काठोकाठ भरली तर वेढे एकदम सुटून गुंता होतो.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना लाइन किती ताणावर सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक, अंदाजाने आवळणं ही धरणावरची सवय. 20 पौंड म्हणजे सुमारे नऊ किलो. ड्रॅग त्याच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे सव्वादोन ते तीन किलोवर सुटला पाहिजे. लाइनच्या टोकाला स्प्रिंगचा काटा बांधून ओढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. रॉड स्टँडला लावून बसणार असाल तर ड्रॅग बराच ढिला ठेवा, नाहीतर मोठा मासा स्टँडवरचा अख्खा रॉड ओढून नेतो. आमिषावर गरवणाऱ्यासाठी बेटरनर रील याचसाठी असते: एक खटका उघडला की लाइन मोकळी जाते, हँडल फिरवलं की मूळ ड्रॅग लागतो.

मासा चावतो, पण लागत नाही

तरंगा बुडाला की झटका, हे आपल्या हाताला बसलेलं असतं. सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, लावला असेल तर झटका देऊ नका. लाइन ताठ होऊ द्या आणि सावकाश गुंडाळा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपसूक बसतो. नुसतं आमिषच गायब होत असेल तर खेकडे कुरतडत असतील. आमिषाची कोळंबी किंवा माकूल (स्क्विड) बारीक इलॅस्टिक धाग्याने गुंडाळून बांधा. आणि शिंगाळा निघाला तर काढताना काट्यांना हात लावू नका, पकडीने गळ सोडवा. ते काटे विषारी असतात.

रील करकरते

मीठ. कोकणातून घरी यायला रात्र-दिवस जातो, तेवढ्यात ते बेअरिंगमध्ये धरतं. म्हणून रील त्याच संध्याकाळी मुक्कामावर धुवा. ड्रॅग आवळून गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, बादलीत बुडवू नका, जोराचा पाईप मारू नका. पाण्याच्या जोराने मीठ उलट आत जातं. पुसून सावलीत वाळवा, मग ड्रॅग ढिला करून ठेवा. घरी आल्यावर हँडलच्या सांध्यात आणि लाइन रोलरवर रीलच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. घरातलं जवसाचं किंवा शेंगदाण्याचं तेल नको, ते चिकट होऊन रील जाम करतं.